बू हार्सींचा पेला

१

पाचव्या सोडतीची चिठ्ठी पेल्यातून टपकली. बू हार्सींनी, म्हणजे हार्सीबाईंनी, ती उलगडून 'पार्सिनी' असं मोठ्यानं वाचलं. एरवी अशा वेळी ग्रुपवर फुलांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागायची, पण आज तिथं चिटपाखरूही फिरकलं नाही. मग हाजी प्राविरोंचा मेसेज आला. निवृत्त हेडमास्तर ते. स्वल्पविराम जिथल्या तिथं. त्यांनी लिहिलं होतं: सुकार्दी, तुमिनी, वागियो, जुमादी आणि आता पार्सिनी. पाचही जण खेड्यातले, पाचांनाही आडनाव नाही की उपाधी नाही, आणि पाचही बू हार्सींना आईसारखं मानणारे. एवढ्या मोठ्या ग्रुपातून नेमके हेच कसे निघतात, हे कुणी सांगेल का?

आता हा ग्रुप म्हणजे काही साड्यांचा किंवा सहलींचा नव्हे. 'छोटे कान' त्याचं नाव. ज्यांच्या मुलांना ऐकू येत नाही अशा आईबापांचा. कुणी सालातिगातला, कुणी बोयोलालीचा, कुणी पार क्लातेनच्या पलीकडचा. बहुतेकांनी एकमेकांना फोनवरच पाहिलेलं. सुराबायाच्या एक मॅडम दर तीन महिन्यांनी श्रवणयंत्रांची एक नवी जोडी ग्रुपला द्यायच्या. जोडीच्या किमतीत चांगली स्कूटर येते. मागणारे सगळेच आणि जोडी एकच, म्हणून सोडत. बू हार्सींनी आपल्या बैठकीत बसून पेला हलवायचा, सगळ्यांनी फोनवर बघायचं, आणि ज्याचं नाव पडेल त्याच्या मुलाच्या कानात आवाज जायचा.

संध्याकाळी मॅडमनी कळवलं की पाचवी जोडी थांबवली आहे. काय खरं काय खोटं ते येत्या रविवारपर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरीकडे देईन. त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा. पण मग ग्रुपवरच्या सगळ्यांना एकदम पाक सास्मितो, म्हणजे सास्मितोराव, आठवले.

सास्मितोंनी उभी हयात विमा कंपनीत काढली होती. गोदाम जळलं की जाळलं, हे राखेत काठी घालून ओळखायचं हे त्यांचं काम. माणूस कडक, जीभ त्याहून कडक. पण हे काम त्यांना नको होतं. त्यांची नात किनासिह चार वर्षांची. एका कानात उसनं जुनं यंत्र, तेही शिट्टी मारायचं. बोलायला शिकायची वर्षं हातातून चालली आहेत, असं डॉक्टरीणबाई प्रत्येक भेटीत सांगायच्या. सास्मितोंचं नावही पाचही वेळा त्या पेल्यात होतं. जो स्वतः रांगेत उभा आहे त्यानं रांगेचा न्याय कसा करायचा?

"करा बापाक," त्यांची मुलगी पालुपी म्हणाली. "आणि आपलं नाव कसं येत नाही, तेही बघा."

२

बू हार्सी गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. फराळाच्या डब्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि गल्लीतल्या बायकांची भिशी चालवायच्या. त्यांचा मुलगाही जन्माचा बहिरा होता. तो आता मोठा होऊन स्मारांगला छापखान्यात लागला, पण लहानपणी त्याला यंत्र मिळालं नाही ते नाहीच. म्हणून बाईंनी हा ग्रुप काढला. सोडतीत त्यांचं स्वतःचं नाव नसायचं.

सास्मितो गेले तेव्हा त्या डबे भरत होत्या. आल्याचा गरम ग्लास पुढे आला, मागून टोमणाही आला. "या, पंचनामा करायला या. बायको होती तोवर कधी पायरी चढला नाहीत."

सास्मितोंनी सगळं काढून दाखवायला सांगितलं. बाईंनी न कुरकुरता दाखवलं. काचेचा उंच पेला. त्याच्या तोंडावर जाड कागद, वरून रबरबँड, मधोमध पेन्सिलीनं पाडलेलं भोक. भोक एवढंच का? कारण मोठं केलं की दोन-दोन एकदम पडतात आणि मग भांडणं लागतात. नावं त्या कोपऱ्यावरच्या दुकानात एका कागदावर छापून आणायच्या, कात्रीनं एकेक पट्टी कापायच्या, गुंडाळायच्या आणि पेल्यात टाकायच्या. सोडत झाली की जिंकलेली चिठ्ठी बाजूला आणि बाकीच्या पुन्हा बिस्किटांच्या डब्यात. रोज रोज कागद कुठून आणायचा? नाव संपलं की पुढचा कोरा तुकडासुद्धा त्या फेकत नसत. फराळाच्या डब्यांवर 'तिखट' आणि 'गोड' लिहून चिकटवलेले ते तुकडे तिथंच समोर होते.

"भिशीलाही हाच पेला?"

"हाच. तिच्या जन्मापासून हाच. एका बाईनं कधी बोट दाखवलं नाही." मग त्या जराशा हसल्या. "तुमची दारियानी तेवढी चिडायची. तिचा नंबर कायम शेवटी यायचा. पण यायचा बरं, बुडाला कधीच नाही."

बायकोचं नाव अवचित कानावर पडलं आणि सास्मितोंनी ग्लास खाली ठेवला. ते लवकरच उठले. दारात बू हार्सी म्हणाल्या, "पाक, मी चोर असेन तर मला तोंडावर सांगा. ग्रुपवर नको."

३

सोडतीचं चित्रण करायचा सेतो. घरोघर पार्सलं पोचवणारा तिशीतला गडी, बू हार्सींचा भाचा. त्याची मुलगीही ग्रुपातलीच. दुसऱ्या सोडतीच्या वेळी चित्र ऐन मोक्याला गोठलं होतं, आणि हाजी प्राविरोंनी ते ग्रुपवर पाठवलेल्या आरोपांच्या यादीत ठळक अक्षरांत घातलं होतं.

सेतो रस्त्यावरच भेटला, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्यानं सरळ सांगितलं की त्या वेळी साहेबाचा फोन आला, फोन आला की चित्र थांबतं, आणि साहेबाचा फोन कापायची त्याची छाती नाही. सास्मितोंनी त्याला विचारलं की पहिल्यापासून पेल्यात त्याचंही नाव आहे ना. होतं. सेतो अजी विबोवो नुग्रोहो. एकदाही आलं नव्हतं.

सास्मितोंनी त्याला मनातल्या यादीतून काढून टाकलं. मावशी हाताशी आणि कॅमेरा हातात असताना जो स्वतःच्या पोरीला सोडून सुकार्दीच्या पोराला जोडी देतो, तो चोर नव्हे, संत म्हणावा लागेल. आणि संत काही पार्सलं उशिरा आल्याबद्दल गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत नाहीत.

पाचही चित्रणं त्यांनी घरी खुर्चीत बसून पाहिली. पुन्हा पाहिली. काही नाही; बाई पेला उलटा करतात, हलवतात, चिठ्ठी पडते. चौथी सोडत, जुमादीची, ते संथ करून बघायला लागले तेव्हा मात्र ते पुढे सरकले. भोकातून एका चिठ्ठीचं टोक बाहेर आलं होतं. अर्ध्यापर्यंत आलं. बू हार्सींनी पेला जरा हलवला, चिठ्ठी हलेना. आणि मग बाईंनी आपल्या बोटानं, अगदी सहज, ती चिठ्ठी परत आत ढकलली.

आत ढकलली, पेला हलवला, आणि जुमादी पडला.

४

सास्मितोंनी हे कुणाला सांगायच्या आतच ग्रुपवर ते बोटाचं चित्र आलं. हाजी प्राविरोही डोळ्यांत तेल घालून बघत बसले होते. खाली एकच ओळ: नको असलेलं नाव कसं परत पाठवतात ते पाहा.

मग काय विचारता. ज्या बायका बू हार्सींना 'आई' म्हणायच्या त्यांनीच आगीत तेल ओतलं. कुणी म्हणालं, खेडवळांकडून कमिशन घेत असतील. कुणी म्हणालं, पार्सिनी टेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांच्या, कारखान्यात आहे, हार्सींच्या घरी टेंपे फुकट जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय. एका आईनं लिहिलं, 'ती आत ढकललेली चिठ्ठी माझ्या बाळाची असेल तर?' प्रत्येकीच्या मनात तेच होतं. सास्मितोंच्याही.

ते पुन्हा गेले तेव्हा बू हार्सींची चूल थंड होती. शाळेची फराळाची ऑर्डर रद्द झाली होती. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आज ग्लास पुढे आला नाही.

"आत का ढकललीत?"

"अडकली होती."

"मग ओढून काढायची."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही ते डाव्या हातानं जेवायला सांगताहेत. "ओढून कुणी काढतं का, पाक? ओढली की ती माझ्या हातची झाली. पडेल ती देवाची. कुठल्याही भिशीत विचारा, अडकली की आत लोटायची आणि पुन्हा हलवायचं."

"अशी कितीदा अडकते?"

"दर वेळी अडकतात की. दोनदा, चारदा. कॅमेऱ्यात ते एकदाच दिसलं, बाकी वेळी माझाच हात आड आला असेल." त्या थांबल्या. "माझ्या मनात पाप असतं तर मी कॅमेऱ्यासमोर बोट घातलं असतं का?"

हे खरं होतं. चोराला चोरी लपवायची अक्कल असते. ही बाई तर जे करायचं ते उजेडात करत होती. पण मग पाचही वेळा तीच माणसं का? सास्मितोंना काहीतरी अगदी नाकासमोर असल्यासारखं वाटत होतं आणि दिसत नव्हतं. त्यांनी चिठ्ठ्यांचा बिस्किटांचा डबा मागितला.

"न्या. न्या आणि जाळून टाका," बू हार्सी म्हणाल्या, आणि पदराआड तोंड करून रडायला लागल्या. विम्याच्या नोकरीत सास्मितोंनी रडणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. खोटं रडणारी माणसं समोर बघून रडतात.

५

टेंपेचा कारखाना म्हणजे एक लांब पडवी. मोठ्या हंड्यांत सोयाबीन शिजायचं आणि ओळीनं बसलेल्या बायका ते केळीच्या पानांत बांधायच्या. पार्सिनी टोकाला बसली होती. तिशी नुकतीच ओलांडलेली, नवरा मलेशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. तिचा मुलगा केल्विन शेजारी पानाच्या शिरांचे तुकडे मांडत होता. हंड्याचं झाकण कुणीतरी धाडकन टाकलं. सास्मितो दचकले. पोरानं मानही वर केली नाही.

फुकटच्या टेंपेचं विचारल्यावर पार्सिनीनं हातातलं काम थांबवलं नाही. "विकत घेतात त्या. दोन पुड्या मी वर टाकते. तेवढं चालतं ना?"

सोडतीआधी कुणी काही सांगितलं होतं का, कुणी काही मागितलं होतं का, असं सगळं विचारून झालं. तिला नाव पडल्याचंही शेजारणीनं येऊन सांगितलं होतं. त्या रविवारी तिच्या फोनमध्ये पैसे संपले होते. कटात गोवायचं म्हटलं तरी हात घालायला जागा नाही, इतकी साधी बाई. सास्मितो उठायला लागले तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

"पण जोडी मिळणार ना, पाक? माझं नाव पडलंय. सगळ्यांनी बघितलंय."

"बघू," ते म्हणाले. आणि परत येताना सगळा रस्ता त्यांना त्या एका शब्दाची लाज वाटत राहिली. त्यांच्या ऑफिसात घर जळालेल्या माणसांना हाच शब्द देऊन वाटेला लावायचे.

६

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपल्यावर त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. चिठ्ठ्यांचा ढीग पडला. पालुपी किनासिहला भरवत होती. पोरीचं यंत्र शिट्टी मारत होतं आणि ती पुन्हा पुन्हा ते काढून टाकत होती.

सास्मितोंनी एक जाड कागद घेऊन पेन्सिलीनं भोक पाडलं. एक चिठ्ठी त्यात सोडली. सरळ खाली पडली. दुसरी सोडली, अडकली. तिसरी अडकली. चौथी पडली. मग ते एकेक उलगडून बघत गेले, आणि बघता बघता त्यांचा हात संथ झाला.

"दारियानीचा नंबर कायम शेवटी यायचा," ते पुटपुटले.

"आईचं काय?" पालुपीनं विचारलं.

त्यांनी तिला जवळ बोलावून दाखवलं. तिला कळायला वेळ लागला नाही. आधी तिचा चेहरा उजळला, म्हणाली, म्हणजे बू हार्सी सुटल्या. मग बापाकडे बघून म्हणाली, "कळलं ना? मग तोंड असं का?"

"खरं सांगितलं तर त्या टेंपेवालीची जोडी जाते. नाही सांगितलं तर हार्सी जन्मभर चोर राहते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

पालुपी पोरीचं तोंड पुसत, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आणि खरं सांगितलं तर आपल्याला आणखी एक संधी मिळते, बापाक. हे लोक म्हणायच्या आधी आपणच म्हटलेलं बरं."

हेच तर त्यांना मघापासून टोचत होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे दावे तपासले. आज पहिल्यांदा तपासाच्या शेवटी स्वतःच्या घरचा फायदा बसलेला होता. खरं सांगायलाही त्यांची जीभ उचलेना. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. इथं तर चोरही नव्हता.

७

रविवारी बू हार्सींच्या बैठकीत सगळे जमले. बू हार्सी कोपऱ्यात, पार्सिनी दाराशी जमिनीवर, हाजी प्राविरो चांगल्या खुर्चीत. सेतोनं फोन धरलेला. पलीकडे अख्खा ग्रुप आणि सुराबायाच्या मॅडम.

सास्मितोंनी प्रस्तावना केली नाही. डब्यातून एक चिठ्ठी काढून प्राविरोंच्या हातात दिली. "हाजीसाहेब, ही तुमची. पेल्याच्या भोकात सोडा."

प्राविरोंनी सोडली. टोक गेलं आणि चिठ्ठी अडकली. त्यांनी टिचकी मारली, तरी हलेना. सेतो खुदकन हसला आणि मावशीकडे बघून गप्प झाला.

"उलगडा."

उलगडली तर चांगली वीतभर पट्टी. हाजी डॉक्टरांदुस उन्तुंग प्राविरोदिहार्जो, पुढे शिक्षणशास्त्राची आणखी एक पदवी. मग सास्मितोंनी बाजूला ठेवलेली पार्सिनीची जिंकलेली चिठ्ठी घेतली. एक शब्द, बोटाच्या पेराएवढी पट्टी, गुंडाळली तर काडीसारखी बारीक. भोकात धरून सोडली, ती खालीच पडली.

"बू हार्सी नाव संपतं तिथं कागद कापतात. कोरा कागद वाया जाऊ नये म्हणून. लांब नावाची पट्टी लांब, तिची गुंडाळी जाड. एकच नाव असलेल्याची पट्टी आखूड, तिची गुंडाळी बारीक. पेला हलला की बारीक पडतात आणि जाड अडकतात. अडकलेली बाई आत लोटतात, कारण ओढून काढणं त्यांना पाप वाटतं. पाचही वेळा खेड्यातली माणसं आली, कारण आपल्याकडे एका नावावर भागवणारी माणसं खेड्यातलीच असतात. बाईंना त्यांचा कळवळा आला म्हणून नाही, कमिशन तर त्याहून नाही."

"पण इतकी वर्षं हाच पेला आहे," प्राविरो म्हणाले. "भिशीत कुणाच्या लक्षात येऊ नये?"

"भिशीत काय बिघडतं? ज्याचा नंबर लागला तो बाजूला होतो, आणि फेरी संपेपर्यंत सगळ्यांचा लागतोच. माझ्या बायकोचं नाव माझ्यासारखंच लांबलचक. तिचा नंबर दर फेरीला शेवटी यायचा, मी तिला करंटी म्हणून चिडवायचो. पण यायचा. इथं जोड्या वर्षाला चार आणि माणसं ही एवढी. इथं शेवटी म्हणजे कधीच नाही."

फोनवर कुणीतरी सुस्कारा सोडलेला सगळ्यांना ऐकू आला. प्राविरो उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी बू हार्सींची माफी मागितली. हेडमास्तरी मोडली तरी माणूस खोटा नव्हता. पण बू हार्सींना सुटका झाल्याचा आनंद झालाच नाही. त्या आपल्या बोटाकडे बघत होत्या.

"म्हणजे मीच ढकलल्या," त्या म्हणाल्या. "त्या सगळ्या पोरांना याच बोटानं मी मागे ढकललं."

नाही, तसं नाही, असं चारजण म्हणाले. तसंच होतं, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

मॅडम फोनवरून बोलल्या. चोरी झाली नाही याचं त्यांना समाधान वाटलं. ज्या चार मुलांच्या कानात यंत्रं बसली ती काढायची नाहीत. पाचवी जोडी मात्र अजून दिलेली नाही, तेव्हा तिची सोडत आत्ताच, सारख्या चिठ्ठ्यांनी पुन्हा. आणि ज्याचं नाव येईल त्याच्याच मुलाला ती मिळेल. दुसऱ्याला देता येणार नाही, नाहीतर उद्या पैसेवाले गरिबांच्या दारात उभे राहतील. सास्मितोंना बोट ठेवायला जागा सापडेना. त्यांनी अहवाल लिहिला असता तर हेच लिहिलं असतं.

"मग माझीच फक्त जाणार?" पार्सिनीनं विचारलं. आवाज चढवला नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "त्या चौघांची बारीक होती, माझीपण बारीक होती. मी काही केलं का, पाक?"

"नाही," सास्मितो म्हणाले. "तू काहीच केलं नाहीस."

आणि त्यांनी कात्री उचलली.

८

सगळ्यांनी मिळून पट्ट्या कापल्या, सगळ्या एका मापाच्या. सेतोनं सरबताच्या नळ्यांचे सारखे तुकडे केले आणि प्रत्येक चिठ्ठी एकेका तुकड्यात घातली. पेल्यावर नवा कागद आला आणि भोक असं मोठं पाडलं की काहीही अडकू नये. दोन पडल्या तर दोन्ही परत आत टाकायच्या, असं ठरलं. पेला कुणी हलवायचा? बू हार्सींनी हात मागे घेतले, त्या पेल्याला शिवेनात. प्राविरो म्हणाले, पार्सिनीलाच हलवू द्या, म्हणजे उद्या तिच्या मनात किंतू नको.

पार्सिनीनं पेला दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले, ओठ हलले, आणि तिनं तो उलटा करून हलवला. पहिल्याच झटक्याला एक नळी पडली. एकच.

तिनं चिठ्ठी काढली आणि फोनकडे तोंड करून वाचायला लागली. वाचन तिचं बेताचंच. ती एकेक शब्द फोडून वाचत गेली. "राडेन. बम्बांग. सास्मितो. हादि... हादिनिंग्रात."

सास्मितोंना आधी वाटलं, कुणीतरी आपल्याला हाक मारतंय.

पालुपी बाहेर ओसरीवर किनासिहला घेऊन उभी होती. तिचा हुंदका आत ऐकू आला आणि मग लगेच नवऱ्याला फोनवर सांगणं ऐकू आलं. ग्रुपवर फुलं यायला लागली, पण मोजून मापून. एकानं लिहिलं, 'तपासाची फी छान मिळाली, पाक.' पुढे हसरा चेहरा टाकला होता. सास्मितोंनी फोनकडे बघून सांगायला तोंड उघडलं की मला नको, ही जोडी हिलाच द्या. तेवढ्यात ओसरीवर पोर हसली, आणि त्यांचं तोंड तसंच मिटलं. नियम त्यांच्या मदतीला होता. द्यायची म्हटली तरी देता आली नसती. पण ते नियमामुळे गप्प बसले नव्हते, हे त्यांचं त्यांना कळलं.

पार्सिनी उठून त्यांच्याजवळ आली. उजव्या मनगटाला डावा हात लावून तिनं चिठ्ठी त्यांच्या हातात दिली, आणि खाली वाकून त्यांचा हात कपाळाला लावला.

"एक सांगू का, पाक? मी कुणाला बोलले नव्हते. नाव पडल्यावर मी केल्विनला क्लिनिकमध्ये घेऊन गेले होते, बघायला. ताईंनी तशीच एक जोडी त्याच्या कानात घालून बघितली, थोडा वेळच. मी मागे उभी होते. त्याचं नाव घेतलं तर मागे वळला. पहिल्यांदाच वळला." ती किंचित हसली. "मग काढताना फार रडला. तुमची नात घालताना रडेल. रडू द्या, लगेच काढू नका."

सास्मितोंनी मान हलवली.

"पुढची सोडत तीन महिन्यांनीच ना?"

"हो."

"आणि आता माझी चिठ्ठी सगळ्यांसारखीच असणार? हाजीसाहेबांएवढी?"

"सगळ्यांसारखी," ते म्हणाले. "अगदी एका मापाची."

"बरं झालं," पार्सिनी म्हणाली. तिला ते मनापासून बरं वाटलं होतं. मग कारखान्यात हंडे उतरवायची वेळ झाली म्हणून ती केल्विनला शोधायला बाहेर गेली. तो अंगणात पाठमोरा खेळत होता. तिनं दारातून हाक मारली नाही. चालत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.